नेगोंबोला गेलेल्या तीन बाटल्या

मार्व्याच्या धक्क्याला मनोरीची फेरीबोट लागली, सगळे उतरले आणि माझी आय बोटीतच उभी राहिली. वय सत्तर, अंगावर चौकटीचं लाल लुगडं, छातीशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. बोटवाल्याने पिशवी मागितली तर ती देईना.

"मावशी, पिशवी दे न हात धर, नायतर पडशील," तो म्हणाला.

"मी पडले तं चालंल. ही नाय पडली पायजे."

शेवटी मीच घोटाभर पाण्यात उतरले, आधी पिशवी घेतली आणि मग आयला. चपला भिजल्या. आमच्या श्रीलंकेच्या प्रवासाची सुरुवात अशी मार्व्याच्या खाऱ्या पाण्यात झाली.

पिशवीत बिअरच्या तीन तपकिरी बाटल्या होत्या, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. आत बिअर नव्हती, मसाला होता. आम्ही मनोरीचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या या उत्तर किनाऱ्यावरचे जुने, मराठी बोलणारे ख्रिस्ती. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा मसाला होतो. अंगणात मिरच्या वाळतात, कुटणाऱ्या बायका आपली लांब मुसळं घेऊन घरोघर फिरतात, आणि कुटलेला मसाला तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेडाने त्याचा रंग उडत नाही. मिरची, धणे, हळद, तीळ, गहू हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक घराची एक पुडी असते. मूठभर जिनसांची ती पुडी घरातली बाई आतल्या खोलीत दार लावून बांधते आणि मग उखळात सोडते. पुडीत काय आहे ते कुटणाऱ्या बायकांना कळत नाही, नवऱ्याला कळत नाही, पोटच्या मुलीलाही कळत नाही. ती कृती सासूकडून सुनेकडे जाते. मुलगी परक्या घरी जाणार, तिने मसाला न्यावा, कृती नाही.

आमच्या घरी पंचाईत अशी, की माझा भाऊ कॅनडात आणि वहिनी मसाला दुकानातून आणते. मी आयला आयुष्यात तीनदा विचारलं. एकदा लग्न ठरलं तेव्हा, एकदा बाबा गेले तेव्हा आणि एकदा तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तिन्ही वेळा ती म्हणाली, "तुना बाटली पायजे का? ने." चौथ्यांदा विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझाही स्वभाव तिच्यावरच गेला आहे.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टर होऊन आठवडा झाला होता. मी बोरिवलीला राहते आणि मरोळला नोकरी करते. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून उतरणाऱ्या विमानांची पोटं दिसतात. आय एकदा तिथे आली होती, तासभर खिडकीशी बसली आणि जाताना म्हणाली, "एकदा मना त्याच्यात बसव." ऑफिसातल्या एकीने नेगोंबोचं नाव सांगितलं. समुद्रकाठचं गाव, मच्छीमार सगळे, चर्चेस गल्लोगल्ली, आणि विमानतळापासून अगदी जवळ. मी म्हटलं, आयला परदेश दाखवायचा तर असा, जिथे तिला परकं वाटणार नाही.

आज तो देश रोज टीव्हीवर दिसतो. पेट्रोलच्या रांगा, गॅसचे रिकामे सिलिंडर, अंधारलेले रस्ते, रस्त्यावर उतरलेले लोक. परवा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ते पाहून म्हणालं, "बिचारे ना." माझा घास हातातच राहिला. त्या माणसांसाठी हा शब्द मला चालत नाही. का चालत नाही, ते सांगायला हे लिहिते आहे.

विमानात आय खिडकीशी बसली. मनोरीची खाडी दिसेल म्हणून तिने काचेला नाक लावलं होतं, पण विमान भलतीकडेच वळलं आणि ती हवाई सुंदरीवर रागावली. अडीच तासांनी खाली माडच माड दिसायला लागले. इतके माड एका नजरेत तिने कधी पाहिले नव्हते, आणि तरी ती म्हणाली, "आपल्याकडचे उंच हायत."

खरी गंमत कस्टमला झाली. मोठ्या बॅगेतल्या तीन बाटल्या यंत्रात दिसल्या आणि पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याने आम्हाला बाजूला घेतलं. लुगडं उलगडून बाटल्या टेबलावर उभ्या केल्या. त्याने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा आयकडे, मग बूच काढून नाक बाटलीच्या तोंडाला लावलं. तीन शिंका आल्या. डोळे पुसत तो म्हणाला, "करी पावडर?"

"काय बोलतो ह्यो?" आयने मला विचारलं.

"करी पावडर आहे का विचारतो."

"त्याला सांग, पावडर तोंडाला लावतान. ह्यो मसाला हाय."

मी भाषांतरात थोडी काटछाट केली. अधिकारी हसला, बूच घट्ट लावलं आणि दोन्ही हात जोडून "आयुबोवन" (दीर्घायुषी व्हा) म्हणाला. आयनेही हात जोडले, पण बाहेर येईपर्यंत तिचं "करी पावडर, करी पावडर" पुटपुटणं चालूच होतं.

रिक्षाला तिथे थ्री-व्हील म्हणतात. तिच्यातून आम्ही जाताना आय मोजत होती. कोपऱ्याकोपऱ्यावर काचेच्या कपाटात उभे संत, समोर विजेची माळ, ताजी फुलं. मनोरीच्या रस्त्यांवर आमचे क्रूस आहेत तसेच. सात झाल्यावर तिने मोजणं सोडलं आणि पदर सावरून बसली, घरी पोचल्यासारखी.

आमची खोली श्रियानी अक्काच्या घरात होती. अक्का म्हणजे थोरली बहीण, आपल्यासारखंच. बाई पन्नाशीची, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, हाताला सुक्या मासळीचा वास. नवरा निमल समुद्रावर जातो आणि ही मासळी सुकवते. वरची एक खोली पाहुण्यांना देते. तिला थोडं इंग्रजी येत होतं, मला सिंहली अजिबात नाही आणि आयला मनोरीची मराठी सोडून काही नाही. तरी पहिल्या दहा मिनिटांत आय तिच्या स्वयंपाकघरात उकिडवी बसून मासे साफ करत होती. मी मधे पडले तर दोघींनी मला बाहेर काढलं.

त्या जेवणाची आठवण अजून जिभेवर आहे. लाल तांदळाचा भात, पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची मिरची-लिंबाची चटणी), आणि अंबुल तियल, म्हणजे आंबट, काळं, सुकं मासळीचं कालवण. त्यात आपल्या आमसुलाच्या जातीचं गोरका नावाचं फळ वाटून घालतात. भाताला तिथे बत म्हणतात हे कळल्यावर आय खूश. तिने दोनदा वाढून घेतलं आणि मला म्हणाली, "हातात चव हाय हिच्या." आय हे वाक्य स्वतःच्या सख्ख्या बहिणीबद्दलही बोललेली मी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने आम्हाला किनाऱ्यावर नेलं. नेगोंबोचं ते दृश्य कुणी आयुष्यात विसरू नये. काथ्याच्या चटया एकीला एक लावून अंथरलेल्या, आणि त्यांवर चिरलेले, मीठ लावलेले मासे, नजर पोचेल तिथवर. चांदीचं वाळवण घातलेलं अंगणच ते. मधल्या वाटांनी बायका उघड्या पायांनी फिरत मासे उलटत होत्या. पाण्यावर ओरुवा (एका अंगाला आधाराची दांडी बांधलेली शिडाची होडी) परतत होत्या, तपकिरी शिडं फुगवून.

आय म्हणाली, "आपण बोंबील टांगतो. ही जमनीवर वालवतान." आणि लुगड्याचा काष्टा खोचून चटयांमध्ये शिरली. तासाभरात ती त्या बायकांच्या वेगाने मासे उलटत होती. आमच्याकडे बोंबील बांबूंना बांधलेल्या दोरांवर लोंबकळत वाळतात, पण जवळा जमिनीवरच पसरतात, त्यामुळे हात सरावलेले होते. एका बाईने तिच्या लुगड्याला हात लावून पाहिला, दुसरीने केसातलं फूल काढून तिच्या अंबाड्यात खोवलं. श्रियानी अक्का अभिमानाने सगळ्यांना सांगत होती, माझी पाहुणी मुंबईची, मासळीतलीच आहे.

आणि याच मोठेपणाने आमचा घात केला.

दुपारी दोनच्या सुमाराला जमिनीच्या बाजूला आभाळ काळं झालं. समुद्रावर लख्ख ऊन. अक्काने वर पाहिलं आणि चटया गुंडाळायला वाकली. दोन चटया तिच्या होत्या, मासे निम्मे वाळलेले. दुसऱ्या दिवशी व्यापारी न्यायला येणार होता, आठवड्याची मेहनत त्यात होती. आयने तिचा हात धरला.

"तिला सांग, कशाला गुंडालतंस? हे ढग भुईवरचे. पाऊस दर्यावरसून येतो. न अजून दोन महिने हायत पावसाला. हे ऊन फुकट घालवू नकोस."

मी सांगितलं. अक्का घुटमळली. "इथे येतो पाऊस," ती हळूच म्हणाली. पण आयने अशा खात्रीने मान हलवली, पन्नास वर्षं मासळी सुकवलेल्या बाईच्या खात्रीने, की अक्काने चटईचं टोक खाली सोडलं. वडीलधाऱ्या पाहुणीचं मन मोडायचं कसं. आम्ही तिघी घरी चहाला गेलो.

आमच्या मनोरीत एप्रिलमध्ये पाऊस पडत नाही. पाऊस जूनमध्ये येतो, समुद्रावरून येतो, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. त्या बेटावर एप्रिलमध्ये रोज दुपारी जमिनीवरून गडगडत येतो, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. चहा निम्मा झाला आणि कौलांवर पहिला टपका वाजला. अक्का कप टाकून धावली. मी धावले. आम्ही पोचलो तेव्हा बाकीच्या बायकांच्या चटया ताडपत्रीखाली होत्या आणि तिच्या दोन चटयांवरून मीठ धुऊन पाण्याचे ओघळ वाळूत चालले होते.

आय मागाहून आली, चालत, भिजत. चटयांपाशी थांबली. तिचं तोंड मला बघवेना. श्रियानी अक्काने ओला मासा उचलला, झटकला आणि आयला म्हणाली, "चला अम्मा, सर्दी होईल." बस. ना कपाळाला हात, ना कडू शब्द. संध्याकाळी निमल आला, त्याला अक्काने आभाळाकडे हात करून सांगितलं, पाऊस अचानक आला. आयचं नाव घेतलं नाही. मला सिंहली येत नाही, पण आपलं नाव वगळलं गेलं की माणसाला कळतं.

आय त्या दिवशी जेवली नाही. मी समजावलं, आपण भरून देऊ. अक्काला विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय तिथेच सोडला. "पाहुण्यांकडून कुणी घेतं का?" एवढंच तिचं उत्तर.

शनिवारी सकाळी मी उठले तर आय स्वयंपाकघरात उभी, हातात लुगड्यात गुंडाळलेल्या बाटल्या.

"तिला विचार, सुरका हाय काय घरात? माडीचा."

सुरका म्हणजे शिरका, व्हिनेगर. माडाच्या माडीचा शिरका श्रीलंकेत घरोघर असतो. अक्काने मातीची बरणी दाखवली. आयने वास घेतला, मान डोलावली आणि कामाला लागली. पावसाने धुतलेली मासळी आता सुकी म्हणून विकता येणार नव्हती, वास मारायच्या आत तिचं काहीतरी करायला हवं होतं. आयने ती शिरक्यात धुतली. चुलीवर काथ्याची दोरी ताणून, धुराकडे तोंड करून, सकाळभर टांगली. मनोरीला आम्ही पावसाळ्यात असंच करतो. दुपारी खोबरेल तेलात परतली. लसूण, आलं, मोहरी वाटली. मग तिने पहिल्या बाटलीचं बूच काढलं.

त्या वासाने गल्लीतल्या बायका दारात आल्या. दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. भावाच्या मुलांसाठी म्हणून कधी एक चमचा जास्त न देणारी माझी आय, तिने तिन्ही बाटल्या त्या मासळीवर रिकाम्या केल्या. लोणचं बरण्यांत भरलं, वर तेल सोडलं. निमलने भातावर घेऊन चाखलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ताट पुन्हा पुढे केलं. व्यापारी आला तेव्हा अक्काने त्याला सुकी मासळी नाही, बरण्या दाखवल्या. तो सगळ्या घेऊन गेला. गल्लीत त्या लोणच्याचं नाव पडलं 'मुंबई अच्चारु'. अच्चारु म्हणजे लोणचं.

तेव्हा अक्काने रिकाम्या बाटलीच्या तोंडात बोट फिरवून चाखलं आणि सहज विचारलं, "अम्मा, यात काय काय असतं?"

मी भाषांतर केलं नाही. आयला कळलं होतं.

"सांग तिला, लागंल तवढा मसाला धाडीन. जलमभर धाडीन. पण ते नाय सांगाची."

मी लाजत लाजत सांगितलं. अक्का मोठ्याने हसली. तिच्या अंबुल तियलमध्ये गोरकाबरोबर आणखी एक जिन्नस असतो, तो तिने स्वतःच्या जावेलाही सांगितलेला नाही म्हणाली. दोघींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवला. एवढी पक्की मैत्री मी कधी दोन नकारांवर झालेली पाहिली नाही.

रविवारी तिथे एकही होडी समुद्रात जात नाही. सगळं गाव चर्चमध्ये. आय लाल लुगड्यात, अक्का पांढऱ्या साडीत, दोघी एकाच बाकावर. प्रार्थना सिंहलीत, पण कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे हे आयला सांगावं लागलं नाही. बाहेर आल्यावर लोक तिच्या लुगड्याबरोबर फोटो काढून घेत होते आणि ती ऐटीत उभी होती.

दुपारी अक्काने आम्हाला जवळच्या बौद्ध विहारात नेलं. "आमच्या गावातलंच आहे, बघायला नको?" तिने विचारलं. आवारात एक जुनं, दाट झाड होतं. कोवळी पालवी लालभडक, पांढरी फुलं, मधे पिवळा पुंजका. खाली कळ्यांचा सडा. आयने एक वाळकी कळी उचलली, वास घेतला, दाताखाली चावली आणि जागीच बसली.

"नाकेशर," ती म्हणाली. "लीना, हे नाकेशरचं झाड हाय."

नागकेशर, पन्नास वर्षं ती पुडीत बांधत आलेला जिन्नस. वाण्याच्या दुकानातल्या कागदापलीकडे तिने तो कधी पाहिला नव्हता. झाडाला फूल असतं, फुलाला असा वास असतो, हे तिला सत्तराव्या वर्षी कळत होतं. तिथे त्याला 'ना' म्हणतात आणि ते त्यांचं राष्ट्रीय झाड आहे. आवार झाडणाऱ्या भिक्षूने हसून खूण केली, घ्या. आयने ओंजळभर कळ्या पदराच्या टोकाला बांधल्या. मग तिच्या ध्यानात आलं की पुडीतलं एक नाव तिच्या तोंडून बाहेर पडलं आहे. तिने आधी अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी झाडाकडे बघत राहिलो, काही न ऐकल्यासारख्या.

सोमवारी निघताना अक्काने पहाटे किरिबत (नारळाच्या दुधातला घट्ट भात, वड्या पाडलेला) केला. शुभ कामाला करतात तो. सोबत दालचिनीची जुडी दिली, तिच्या माहेरच्या झाडांची, कागदासारखी पातळ. आयने तीन रिकाम्या बाटल्या धुऊन तिच्या खिडकीत मांडून ठेवल्या. "भरून देन," ती म्हणाली, आणि हे वाक्य अक्काला भाषांतराशिवाय समजलं.

त्यानंतर दर वर्षी कुणा ना कुणाबरोबर बाटल्या नेगोंबोला जात राहिल्या. मधल्या एका ईस्टरला त्या गावावर, त्यांच्या चर्चवर बॉम्बस्फोटाने जे कोसळलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी अक्काचा आवाज फोनवर ऐकू येईपर्यंत आय उंबऱ्यावरून उठली नाही. आणि आता हे.

गेल्या महिन्यात अक्काचा व्हिडिओ कॉल आला, वीज होती तेवढ्या वेळात. इंजिनाला रॉकेल नाही म्हणून मोठ्या होड्या किनाऱ्यावर पडून आहेत. निमलने वडिलांची शिडाची ओरुवा डागडुजी करून पाण्यात घातली आहे आणि तो खाडीत जातो. मिळते ती बारीक मासळी. बर्फ नाही, म्हणून ती त्याच दिवशी वाळवायची नाहीतर लोणच्यात घालायची. अक्काच्या अंगणात आता गल्लीतल्या सगळ्या बायका लाकडाच्या चुलीवर मुंबई अच्चारु करतात, आणि त्यावर त्या घरांची चूल चालते. निमल नुकताच राजधानीत जाऊन आला, लोकांबरोबर उभा राहिला, आणि येताना चालत आला. हे सगळं ती सांगत होती आणि मागे बायका हसत होत्या, काम करत होत्या. मी विचारलं, "अक्का, काय पाठवू?"

"काही नको, नंगी (धाकटी बहीण)," ती म्हणाली. "मसाला संपला. पार्सल येत नाही, आणि आलं तरी किती पुरणार? अम्माला विचारशील? कसा करायचा ते?"

मी मनोरीला गेले आणि आयला सांगितलं. मेचे दिवस, अंगणात मिरच्या वाळत होत्या. दोन दिवस ती नुसत्या मिरच्या उलटत राहिली. मला वाटलं नाही म्हणणार, आणि त्या बायकांचं काम थांबणार. आणि खरं सांगते, हो म्हणाली असती तरी मला लागलं असतं. मी तीनदा विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी कुटणाऱ्या बायका आल्या. मिरच्या उखळात पडल्या, मुसळं सुरू झाली. आता आय आत जाऊन दार लावणार, हे मला लहानपणापासून पाठ. ती उठली, आतल्या खोलीच्या दारात थांबली आणि वळली.

"ये. फोन आन."

"मी?"

"मग कोन? मना तिची भाषा येतंय काय?"

मी आत गेले. तिने दार लावलं. त्या दाराच्या आतल्या बाजूला मी पहिल्यांदाच उभी होते. फळीवर कागदाचे द्रोण मांडलेले, प्रत्येकात एक जिन्नस, आणि एकात त्या विहारातल्या कळ्यांचा अजून जपलेली शेवटची चिमूट. मी अक्काला कॉल लावला. आय पलंगावर बसली.

"तिला सांग," ती म्हणाली, "दालचिनी तिची. नाकेशर तिच्या झाडाचं. आमचं काय, भाजनं न कुटनं. तिच्याकडसून कसं लपवू?"

मग तिने एकेक द्रोण उचलला, नाव सांगितलं, किती भाजायचं, कशानंतर काय, आणि मी ते इंग्रजीत मोठ्याने म्हणत गेले. अक्का वहीत सिंहलीत उतरवत होती. मधेच तिने डोळे पुसले, पण पेन्सिल थांबू दिली नाही. शेवटचा द्रोण झाला आणि तिकडची वीज गेली. पडदा काळा झाला.

पुडीत काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. नेगोंबोच्या बायका ते जाणतात, भीक मागून नाही, मानाने मिळवून. त्यांना बिचारे म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्या अंगणात जाऊन बसावं.

मी फोन बाजूला ठेवला. आय माझ्याकडे बघत होती.

"लिवलंस?"

"नाही. मी बोलत होते."

"मग आता मना बोलून दाखव."

बाहेर मुसळांचा आवाज चालू होता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकही नाव न चुकता, भाजायच्या क्रमासकट. आयने मान हलवली, द्रोण एकत्र केले आणि पुडी माझ्या हातात दिली.

"बांध," ती म्हणाली. "आता मी इसरले तरी चालंल."